आंबोलीच्या घाटात पाच खुर्च्या

आमचे हे डॉक्टर कित्तुऱ्यांच्या फियाटचं माप घेत होते. टेपचं एक टोक धरून मी मागच्या बंपरपाशी वाकले होते, दुसरं टोक घेऊन हे पुढच्या बंपरपाशी. डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून बघत होते.

“तेंडोलकर, गाडी घ्यायची आहे की तिला झबलं शिवायचं आहे?”

“एवढे पैसे घालायचे तर माप नको, डॉक्टर?” हे म्हणाले. “आता आत बसतो जरा. गुडघा कुठवर येतो बघतो.”

“बसा. पण लवकर काय ते सांगा. मागं सांगितलेला भाव आता राहिला नाही. मी ही नवी घेतली तेव्हासुद्धा एवढी महाग नव्हती.”

डॉक्टर खोटं सांगत नव्हते. त्या काळी नव्या गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं. म्हणून ज्याच्या दारात जुनी गाडी उभी, तो राजा. गाडी जितकी जुनी होई तितकी महाग होई. खालून गंज चढायचा आणि वरून भाव.

आम्ही गडहिंग्लजला राहायचो. हे एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, हे माइकवरून सांगणं यांचं काम. घरी जेवायला बोलावलं तरी “येतो” म्हणायचे नाहीत, “थोड्याच वेळात येत आहे” म्हणायचे. अशा घरात मोटारीचं खूळ शिरायला काही कारण नव्हतं. ते शिरलं सासूबाईंमुळे.

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एसटीची पायरी चढता येत नव्हती. एकदा कंडक्टर आणि ड्रायव्हरनं मिळून त्यांना बगलेत धरून वर ओढलं होतं. सगळा स्टँड बघत होता. त्या दिवशी आई म्हणाल्या, “मी काय बटाट्याचं पोतं आहे?” आणि मग एसटीत पाय ठेवला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात वेंगुर्ल्याहून बाबल आला. बाबल म्हणजे आईंच्या धाकट्या बहिणीचा, मथुमावशीचा, जावई. दरवर्षी संकेश्वरी मिरची न्यायला तो आमच्याकडे येई. चहा पिता पिता म्हणाला, “सासूबाईंना काचबिंदू झालाय. एक डोळा गेलाच, दुसऱ्यानं हातभरावरचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, मिरगापर्यंत दिसेल तेवढं दिसेल. तिचं एकच चाललंय, द्वारकेचं तोंड एकदा बघूक व्हयां.”

द्वारका म्हणजे आई.  त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

त्याच संध्याकाळी हे म्हणाले, “आई, गाडीच घेऊ आपण.”

मी म्हटलं, “अहो, भाड्याची टॅक्सी करू. एका दिवसात जाऊन येऊ.”

“गाडी घ्यायचीच आहे तर भाडं कशाला घालवायचं?”

“मग घ्या.”

“एवढ्या भावानं? जरा उतरू दे की.”

म्हणजे भाड्याची गाडी नको कारण स्वतःची घ्यायची होती, आणि स्वतःची घ्यायची नाही कारण महाग होती. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आम्ही तो सगळा उन्हाळा काढला.

माप घेऊन आल्यावर यांनी बाहेरच्या सोप्यात खडूनं फियाट आखली. घुगरे मंडपवाल्याकडून पाच लोखंडी खुर्च्या आणल्या. पुढं दोन, मागं तीन.

“हे काय?” मी विचारलं.

“चाचणी. नवी फेरी सुरू करायची तर आधी चाचणी घेतात. एवढा पैसा ओतायचा, तर गाडीची आपल्याला खरंच गरज आहे का, कोण कुठं बसणार, किती फिरणार, हे कळायला नको? रोज संध्याकाळी ड्युटीवरून आलो की फेरी.”

स्टिअरिंग म्हणून यांनी माझी पिठाची चाळण घेतली. फियाटचा गिअर स्टिअरिंगजवळच असे, म्हणून चाळणीला लाटणं बांधलं. फेरी संपेपर्यंत माझ्या पोळ्या खोळंबून राहायच्या. आणि हे सांगायलाच हवं, की यांना गाडी चालवता येत नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही बाजारात जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी काळभैरवाला. शेजारचे नष्टेगुरुजी, निवृत्त हेडमास्तर, कट्ट्यावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी धोतर सावरत आले.

“दत्तोपंत, जागा आहे काय?”

“या की. पण पुढं बसा. मागं बायका आहेत.”

गुरुजी पुढं बसले आणि खिडकीची काच खाली करायला लागले. त्यांच्या हाताची ती गोल गोल हालचाल बघून मला हसू फुटलं.

“हसू नको,” आई माझ्या कानात म्हणाल्या. “वारा आला बघ.”

आई मागं डाव्या खिडकीशी बसायच्या. चौथ्या दिवशी हे चाळण हातात घेऊन म्हणाले, “आज कुठं?”

“वेंगुर्ल्याला,” आई म्हणाल्या.

यांनी चाळण मांडीवर ठेवली. पण स्टँडवरचा माणूस. प्रवाशानं गाव सांगितलं की वेळ सांगायची, एवढंच त्यांना माहीत. “लांबचा पल्ला आहे. रोज तासभरच जाता येईल. आज आजऱ्यापर्यंत.”

“चालेल. उद्या पुढं जाऊ.”

त्या दिवशी आम्ही आजऱ्यापर्यंत गेलो. हे वळण आलं की चाळण वळवायचे, गाव आलं की नाव सांगायचे. दुसऱ्या दिवशी गवसे मागं टाकलं. आई खऱ्या प्रवासासारख्या तयारीला लागल्या. एक इरकली बाजूला काढली, मथुमावशीसाठी. जोंधळ्याच्या लाह्या फोडून घेतल्या. संकेश्वरी मिरचीची पिशवी शिवून तिसऱ्या खुर्चीवर ठेवली, आमच्या दोघींच्या मध्ये. पुढं गुरुजी शिंकायला लागले.

“आजी, मिरची डिकीत टाका.”

“डिकी आखलेली नाही,” हे म्हणाले. “खडू संपला.”

तिसऱ्या संध्याकाळी आंबोली आली. आता घाट उतरला की सावंतवाडी आणि मग वेंगुर्ला. आईंनी नवं लुगडं नेसलं होतं. वेणी घालून घेतली होती. यांनी आरशात बघतात तसं मागं वळून बघितलं. त्या लुगड्याकडे बघून यांचा चेहरा उतरला. आणखी एक तास, आणि गाडी पोचणार. आणि पोचून उतरायचं कुठं? आमच्याच सोप्यात.

हे खाकरले. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. गाडी तापली आहे. पाणी घालावं लागेल. आज इथंच थांबू.”

“थांबू की,” आई म्हणाल्या आणि काठी टेकत उतरल्या.

दुसऱ्या दिवशी यांनी सांगितलं, “धुकं आहे. समोरचं काही दिसत नाही.” त्याच्या दुसऱ्या दिवशी, “दरड कोसळली आहे. रस्ता बंद.”

गुरुजींनी काळजीनं विचारलं, “कधी मोकळा होईल?”

“सांगता येत नाही.”

गुरुजींची लेक सावंतवाडीला दिलेली होती. नातवाची मुंज होती. सकाळी कळलं की गुरुजींनी जाणं रद्द केलं. मी विचारलं, तर म्हणाले, “वहिनी, दरड कोसळलीय. खुद्द वाहतूक नियंत्रकाच्या तोंडून ऐकलं मी.”

“अहो गुरुजी, ते आमच्या सोप्यातलं!”

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “तार करून बसलो की हो.”

रोज सकाळी हे डॉक्टरांकडे जायचे आणि भाव विचारून यायचे. रोज तो थोडा चढलेला असे. हे म्हणत, “एवढा चढलाय म्हणजे आता उतरणारच.” एका सकाळी आईंनी ते ऐकलं.

“दत्तू, तुझा भाव उतरेल. मथूची नजर पुन्हा चढायची आहे का?”

“आई, थोडं थांब गं.”

“मी कुठं नाही म्हणते? घाटातच थांबलेय.”

त्या संध्याकाळी यांनी चाळण हातात घेतली आणि दरड अजून तशीच आहे असं सांगितलं. आम्ही उठलो. आई उठल्या नाहीत.

“आई, चल, जेवायला.”

“इथंच आण.”

“आई, उठ गं. घरातच आहोत आपण.”

“घरात?” आईंनी आजूबाजूला बघितलं. “आता तर म्हणालास आंबोलीच्या घाटात आहोत. बाईमाणसाला घाटात मध्येच उतरवतोस? गाडी वेंगुर्ल्याला पोचली की उतरेन.”

यांनी माझ्याकडे बघितलं. मी भांड्यांकडे बघितलं.

आई खुर्चीतच जेवल्या, खुर्चीतच डुलक्या काढल्या. विधीला जायचं झालं तर मला खूण करायच्या, आणि उठताना खुर्चीवर मिरचीची पिशवी ठेवायच्या, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तशी. परत आल्या की पिशवी उचलून बसायच्या. गल्लीत बातमी पसरली. अडकलेल्या प्रवाशांना गावकरी आणून देतात तसं कुणी भाकरी आणली, कुणी ताक. गुरुजी तर दरडीला आपणही थोडे जबाबदार असल्यासारखे पुढच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि आईंना पेपर वाचून दाखवायचे. स्टँडवर यांना ड्रायव्हर विचारायला लागले, “तेंडोलकर साहेब, घाट सुटला काय?”

शेवटी हे डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, आज घेऊनच येतो. दुपारी परत आले आणि पायरीवरच बसले.

“काय झालं?” मी विचारलं.

“विकली. कोल्हापूरचा माणूस घेऊन गेला. भाव विचारलासुद्धा नाही म्हणे त्यानं. माप तर नाहीच.”

आतून आईंचा आवाज आला. “कोण आलं? गाडी सुटली का?”

 एवढा मोठा माणूस, खाकी कपड्यात, पायरीवर बसून बुटांची नाडी सोडत होता आणि ती सुटत नव्हती. मला एकदम वाटलं, आता हे आत जाऊन आईंना खरं सांगतील, आई मुकाट्यानं खुर्चीतून उठतील आणि मग कुठंच जायचं म्हणणार नाहीत. त्या उठण्याचीच मला भीती वाटली.

तेवढ्यात दारात ट्रक थांबला. घुगरे मंडपवाला खाली उतरला.

“वहिनी, माझ्या पाच खुर्च्या द्या बगू. लग्नसराई हाय. उद्या सकाळी माल न्यायचाय.” तो सोप्यात आला आणि आईंना बघून थबकला. “आजी, उठा की जरा.”

“तूही घाटातच उतरवणार?”

“कुठला घाट?”

गुरुजींनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तापलेली गाडी, धुकं, दरड, सगळं, हेडमास्तर सांगतात तसं क्रमानं. घुगऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

“आयला,” तो म्हणाला, “आन् मला उद्या सावंतवाडीलाच जायचंय. आपल्या गावच्या पार्टीचं लगीन हाय तिथं. आता ही म्हातारी उठंना तर मी काय खुर्चीसकट नेऊ?”

मी यांच्याकडे वळले. “अहो, तुमच्या एसटीची गाडी रस्त्यात बंद पडली तर प्रवाशांचं काय करता?”

“मागून येणाऱ्या गाडीत बसवतो,” हे सवयीनं म्हणाले.

“मग ही मागून आलीय.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग ट्रककडे. मग उठले, आत गेले, आईंच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, “आंबोलीत अडकलेल्या प्रवाशांसाठी पर्यायी गाडीची सोय करण्यात आली आहे. गाडी उद्या सकाळी सुटेल.”

“उशीरच झाला,” आई म्हणाल्या. पण त्या रात्री त्या अंथरुणावर झोपल्या. खुर्चीवर पिशवी ठेवून.

सकाळी हमालांनी आईंना खुर्चीसकट उचलून ट्रकवर ठेवलं. खांब, कनाती आणि सतरंज्यांच्या मधोमध पाचही खुर्च्या जशा सोप्यात होत्या तशाच मांडल्या आणि दोरानं बांधल्या. पुढं दोन, मागं तीन. गुरुजी आपल्या जागी बसले. मुंज उरकून गेली होती, पण लेकीची समजूत घालायची होती. मी आणि आई मागं, मध्ये मिरची. हे घुगऱ्याशेजारी केबिनमध्ये चढायला लागले.

“दत्तू,” आईंनी वरून हाक मारली. “मग गाडी कोण चालवणार?”

“आई, लोक बघतील गं.”

“बघू देत. आणि चाळण राहिली घरात, ती आण.”

आम्ही निघालो. गडहिंग्लजच्या बाजारपेठेतून, स्टँडसमोरून. फलाटावरचे लोक उभे राहून बघायला लागले. एका ड्रायव्हरनं यांना चक्क सलाम ठोकला. हे वर गुरुजींच्या शेजारी मान खाली घालून बसले होते, चाळण मांडीवर पालथी. आजऱ्यापर्यंत तशीच होती. गवशाच्या पुढं वळणं लागली तशी ती हळूच उभी झाली. आंबोलीजवळ आलो तेव्हा हे प्रत्येक वळणाला चाळण फिरवत होते, ट्रकच्या आधी.

आणि आंबोलीत धुकं होतं. खरंखुरं. ऐन उन्हाळ्यात पांढरं, दाट. गुरुजींचं डोकं दिसेनासं झालं. ट्रक थांबला. खाली दगड सांडल्याचा आवाज झाला, कुठंतरी पाणी पडत होतं.

आईंनी पुढं वाकून यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बघ,” त्या म्हणाल्या, “तू काही अगदीच खोटं बोलत नव्हतास.”

 यांच्या हातातली चाळण हलायला लागली. हसत होते की काय करत होते, मागून मला कळलं नाही.

सावंतवाडीला गुरुजींना उतरवलं. लग्नघरी खांब, कनाती टाकल्या. मग घुगरे म्हणाला, “आता एवढं आलोय तर वेंगुर्ला काय लांब हाय,” आणि ट्रक पुढं काढला.

मथुमावशी अंगणात उभी होती. ट्रकचा आवाज ऐकून कपाळावर हात धरून बघत होती, ट्रकच्या जरा डावीकडे. हमालांनी आईंची खुर्ची खाली ठेवली.

“कोण तां?” मावशीनं विचारलं.

“मी गो,” आई म्हणाल्या. पन्नास वर्षं घाटावर राहिलेल्या आईंच्या तोंडी ती बोली मी पहिल्यांदाच ऐकली. “द्वारका.”

मावशी हात पुढं करून चालत आली. खुर्चीला अडखळली. वाकली. आणि नाकाला नाक लागेल इतकं तोंड जवळ नेऊन आईंचा चेहरा बघायला लागली. कपाळ, मग डोळे, मग गाल, हनुवटी. एका वेळी एवढंसंच तिला दिसत होतं. तिनं सगळं बघितलं. आई डोळे मिटून स्वस्थ बसल्या होत्या, न्हाऊ घालून घेणाऱ्या पोरीसारख्या.

“दात खंय गेले तुझे?” मावशी म्हणाली.

“तुझे खंय गेले?”

मग दोघी जणी हसल्या. पुष्कळ वेळ.

जेवणं झाल्यावर मावशी म्हणाली, “बाबल सांगी होतो, दत्तू गाडी घेता म्हणान. खंय आसा?”

यांनी मान खाली घातली. आई म्हणाल्या, “आणली आसा. चल, दाखयतंय.”

पाचही खुर्च्या अंगणात मांडायला लावल्या. मावशीला डाव्या खिडकीशी बसवलं आणि आई तिच्या शेजारी, मिरचीच्या जागी, बसल्या. यांनी चाळण घेतली. मावशीनं खुर्चीचा दांडा चाचपला, पुढच्या खुर्चीची पाठ चाचपली. थोडा वेळ वाट बघितली.

“गो द्वारके, ही हलणा नाय.”

“हलाक कित्याक व्हयी?” आई म्हणाल्या. “पोचलंव न्हय!”

निघताना घुगऱ्यानं खुर्च्या ट्रकवर चढवल्या. मावशी मात्र आपल्या खुर्चीतून उठेना. दोन्ही दांडे धरून बसली. घुगऱ्यानं बाकीच्यांकडे बघितलं आणि म्हणाला, “ऱ्हाऊ दे. एका खुर्चीनं काय लगीन मोडत नाही.”

आम्ही चार खुर्च्यांवर परत आलो.

पुढं पाऊस लागला आणि मावशीची नजर गेली. आमच्याकडे भाव काही उतरला नाही. एकदा स्टँडवर कुणी दुसरी एक जुनी गाडी सांगितली, तेव्हा यांनी घरी येऊन विचारलं, “आई, घेऊ या का?”

“कशाला?” आई म्हणाल्या. “जायचं होतं तिथं जाऊन आले.”

पुढच्या उन्हाळ्यात बाबल मिरची न्यायला आला. चहा पिता पिता सांगत होता, “सासूबाईंचं काय डोकं फिरलंय कळत नाही. रोज संध्याकाळी अंगणात त्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसते. कुणी विचारलं तर सांगते, गडहिंग्लजाक चल्लंय.”

मी यांच्याकडे बघितलं. हे आईंकडे बघत होते.

“किती वाजता निघते?” आईंनी विचारलं.

“ऊन उतरलं की.”

आईंनी बशीतला चहा संपवला. “दत्तू, ती तिकडून त्या वेळेला निघाली आणि आपण इकडून निघालो, तर गाठ कुठं पडेल?”

हे डोळे मिटून मनाशी हिशेब करायला लागले. स्टँडवर दोन गाड्या समोरासमोरून येताना कुठं भेटतात, हे यांना कागदाशिवाय सांगता येई.

“आंबोलीत,” हे म्हणाले. “पण आपल्याला वेळेवर निघायला हवं.”

त्या दिवशी हे घुगऱ्याकडून खुर्च्या पुन्हा घेऊन आले. आई असेपर्यंत त्या सोप्यात होत्या. आणि ज्या माणसाला मी लग्नापासून कधी ड्युटीवरून वेळेवर घरी आलेलं बघितलं नव्हतं, तो माणूस त्यानंतर एक दिवससुद्धा उशिरा आला नाही.